चौकोन, प्रश्नचिन्ह की चुकलेला रफार? कॉम्प्युटरवर मराठीची खास चिन्हं अशी शोधा

अर्जात आडनाव असतं 'कुऱ्हाडे', छापून येतं 'कुर्हाडे'. बिलावर ₹ च्या जागी रिकामा चौकोन दिसतो. बेळगाव-निपाणीपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंत आपला मराठी मजकूर बऱ्याचदा दुसऱ्या भाषेसाठी लावलेल्या कॉम्प्युटरवर टाइप होतो. नावातलं एक चिन्ह बदललं की कागदपत्रं जुळत नाहीत आणि हेलपाटे आपल्याच वाट्याला येतात. म्हणून ही माहिती जवळ ठेवा.

आधी बिघाड ओळखा

रिकामा चौकोन: मजकूर शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही. फॉन्ट बदला. विंडोज ८ पासून पुढे 'निर्मला यूआय' हा फॉन्ट सोबतच येतो.

प्रश्नचिन्हांची रांग: फाइल युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीत सेव्ह झाली आणि मूळ अक्षरं पुसली गेली. इथे फॉन्ट बदलून काही होत नाही, पुन्हा टाइप करावं लागतं.

इंग्रजी अक्षरांचा गोंधळ: मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तोच फॉन्ट टाका, नाहीतर कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घ्या.

रुपयाचं चिन्ह

डी. उदयकुमार यांनी रेखाटलेलं ₹ केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ते आलं. त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडत नाही. विंडोजवर 'इंग्रजी (इंडिया)' कीबोर्ड निवडून उजवं ऑल्ट आणि ४ दाबा. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर २०बी९ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं तरी चालतं.

न सापडणारं चिन्ह

विंडोजच्या सर्चमध्ये 'कॅरेक्टर मॅप' शोधा, फॉन्ट निवडा, चिन्ह कॉपी करा. वर्डमध्ये 'इन्सर्ट' आणि मग 'सिम्बॉल' असा रस्ता आहे. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस एकदम दाबा. मात्र 'ऱ्या' किंवा 'क्ष' या यादीत शोधत बसू नका. युनिकोडमध्ये जोडाक्षरांना वेगळी जागा नाही. अक्षरं क्रमाने टाइप केली की फॉन्ट ती जोडून दाखवतो.

खरी मेख: ऱ्य आणि ॲ

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबल्यावर 'ऱ' येतो. त्याला हलन्त (डी) आणि पुढे 'ह' जोडला की 'ऱ्ह' तयार. साध्या 'र' ला हलन्त दिला तर रफार होतो आणि 'कुऱ्हाडे'चं 'कुर्हाडे' होतं. साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकूनही 'ऱ्ह' उमटवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे.

'ॲ'चंही तसंच. हे अक्षर २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत, अजूनही काही जण तेच करतात. म्हणजे 'ॲड.' हे डोळ्यांना एकच, पण शोधताना दोन. यादीत नाव असूनही 'सापडत नाही' असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या पद्धतीने टाइप करून बघायला सांगा.

पाठवण्याआधी

फाइल पीडीएफ करून द्या आणि फॉन्ट आत समाविष्ट आहेत का, ते बघा. टाइप करून देणाऱ्याकडून आधी एक ओळ छापून घ्या: ₹, ॲ, ऱ्या, ऱ्हा, ळ. ही पाच चिन्हं नीट उमटली, तरच पुढचा अर्ज छापायला सांगा. आणि सही करण्याआधी आपलं नाव अक्षर-अक्षर वाचा.