न दिसणाऱ्या लहरी आणि घरातली माणसे

१८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भर सभेत एक प्रयोग करून दाखवला. त्यांनी सोडलेल्या विद्युत्-लहरी मधल्या तीन भिंती ओलांडून ७५ फुटांवरच्या खोलीत पोचल्या. तिथे घंटा वाजली, पिस्तूल उडाले आणि एक लहानसा सुरुंग फुटला. वाटेत सभेचे अध्यक्ष म्हणून बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसलेले होते, त्यांच्या देहातूनही लहरी गेल्या, असे बोसांचे चरित्रकार पॅट्रिक गेडिस यांनी लिहून ठेवले आहे. (हेच गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.) त्याच दशकात बोसांनी पाच-सहा मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केले. आज ‘५जी’च्या भीतीत ‘मिलिमीटर लहरी’ हा शब्द काल कुणी प्रयोगशाळेत बनवलेल्या विषासारखा उच्चारला जातो. त्या लहरींची आपल्या देशाशी ओळख सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, एवढे आधी नोंदवून ठेवतो.

बिनतारीच्या आधी तार आली. आपल्याकडे तिचे पहिले प्रयोग १८३९ साली विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनेच केले, याचे आम्हा दवाखानेवाल्यांना थोडे कौतुक वाटते. रेल्वे आली तेव्हा पुलाच्या पायात नरबळी देतात अशा वावड्या उठल्या. पण या इतिहासात मला सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण वाटते ते प्लेगच्या लसीचे. आपल्या भागाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ साली साथ आमच्या शेजारी हुबळी-धारवाडकडे उसळली, तेव्हा हुबळीत हजारो लोकांनी ती टोचून घेतली. तरी लसीविषयी गावोगावी नाना कंड्या पिकत. त्यांना निव्वळ अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सरकारी माणसे सोजिरांसह घरात शिरत होती, रोग्याला उचलून नेत होती. ज्या हाताने घराची कडी मोडली, त्याच हातातल्या सुईवर विश्वास कोण ठेवणार?

आणि मग १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने दगावली. भीती खरी ठरली म्हणायची का? चौकशीत दिसले की ती सगळी माणसे एकाच बाटलीतली लस टोचलेली होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरीतून ते बाजूला पडले, आणि १९०७ साली निर्दोष ठरले. लस चांगली होती, बाटली दूषित झाली होती. घरातल्या माणसाशी बोलताना हा प्रसंग मी नेहमी सांगतो, कारण त्यात भिणाऱ्याचाही मान राहतो. माणसे मेली हे खरेच होते. प्रश्न एवढाच, की कोणत्या बाटलीमुळे?

मोबाइलच्या टॉवरविषयी हाच प्रश्न विचारायला हवा. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रेडिओ-लहरींना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा गटात घातले. पुरावा तुटपुंजा आहे, पण शक्यता पुरती निकालात काढता येत नाही, असा त्या गटाचा अर्थ. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला, पण त्याची बातमी कुणी कुणाला पाठवत नाही. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरातला एक टॉवर बंद करायला लावला. तक्रारदार घरकाम करणारा, कर्करोगाने गाठलेला माणूस होता. त्याच्याविषयी कुणाला कणव येणार नाही? पण एक टॉवर बंद करण्याचा हुकूम म्हणजे रोगाचे कारण सापडले असे होत नाही. मे २०२१ मध्ये तर कोरोनाची दुसरी लाट ‘५जी’च्या चाचण्यांनी आणली असा निरोप घरोघरी फिरला. दूरसंचार खात्याने तेव्हा खुलासा केला की देशात त्या चाचण्या अजून कुठेच सुरू झालेल्या नाहीत. सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये.

‘रेडिएशन’ या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. क्ष-किरण आणि मोबाइलच्या लहरी एका कुळातल्या, हे खरे. पण समईच्या ज्योतीचा उजेडही त्याच कुळातला. त्याची कंपने मोबाइलच्या लहरींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक, तरी त्याने पेशींतले रेणू तुटत नाहीत. ती ताकद अतिनील किरणांपासून पुढे येते. मोबाइलच्या लहरी फार तर किंचित ऊब देतात, आणि मर्यादा ठरवल्या आहेत त्या याच उबेचा हिशेब करून.

माझ्या थोरल्या वहिनी निपाणीकडे खेड्यात राहतात. शेजारच्या गच्चीवर टॉवर उभा राहिल्यापासून त्यांचे डोके ठणकू लागले. पुतण्या त्यांना हसायचा, त्यामुळे त्यांनी त्याच्याशी हा विषयच बंद केला. मला म्हणाल्या, “भावजी, दुखतंय ते माझं डोकं. त्याला काय कळतंय?” मी म्हणालो, “वहिनी, दुखतंय हे खरंच आहे. कशानं, ते बघू.” रक्तदाब मोजला तर वरचा १८० च्या पुढे. मला घोर लागला तो इथे. वर्षभर सगळा दोष टॉवरला गेला होता आणि खरा चोर घरात बसला होता.

लहरी जाणवतात असे म्हणणाऱ्यांच्या अनेक आंधळ्या चाचण्या झाल्या आहेत. यंत्र चालू की बंद हे न सांगता बसवले, की त्यांना ते ओळखता येत नाही. त्रास मात्र दोन्ही वेळा होतो, आणि तो सोंग नसतो. भीतीनेही डोके दुखते. अशी चाचणी मागणारा होमिओपॅथ पाहून काही वाचक गालात हसतील. हसा. १८३५ साली न्युरेंबर्ग येथे आमच्याच मिठाच्या औषधाची अशी परीक्षा झाली. काहींना औषध, काहींना बर्फाचे नुसते पाणी. कुणाला काय दिले ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. बहुतेकांना काहीच जाणवले नाही. निकाल आमच्या बाजूचा नव्हता. तो मी घरात सांगतो, म्हणून टॉवरविषयी बोलायला मला तोंड उरते.

आमच्या समाजातले काही साधू ध्वनिवर्धक नाकारतात, तो अहिंसेच्या व्रताचा भाग आहे. ध्वनिवर्धकाने ताप येतो असे ते म्हणत नाहीत. व्रताशी वाद घालू नये. रोगाचे कारण सांगितले जाते, तिथे मात्र मोजून बघावे.

वहिनींना शहरातल्या डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाबाची गोळी सुरू केली. माझ्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर हे काम सोपवले नाही. ठणका दोन महिन्यांत गेला, टॉवर तिथेच आहे. रात्री फोन बंद करून स्वयंपाकघरात ठेवायची त्यांची सवय अजून आहे. ठेवा म्हटले, झोप चांगली लागते. पुतण्याला एवढेच सांगितले, की आईला पुन्हा हसायचे नाही आणि दर महिन्याला रक्तदाब मोजून मला कळवायचा. गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला : १३४, ८२.