पात्रतेची पायरी आणि घराचे मोल : अमेरिकेतील प्रमाणित निवासी मूल्यनिर्धारकाच्या व्यवसायाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'मूल्यांकन' म्हटले की महाविद्यालयीन प्राध्यापकांसमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अथवा 'नॅक'ची समिती उभी राहते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा असल्याने येथे 'मूल्यनिर्धारण' हा शब्द योजला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहत्या घराची किंमत ठरवून देणारा जो प्रमाणपत्रधारक व्यावसायिक असतो, त्याच्या पात्रतेचे नियम कसकसे घडत गेले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

घर घेणारा आणि विकणारा यांचा सौदा ठरला तरी कर्ज देणारी संस्था त्या आकड्यावर विसंबत नाही. ती एका तिऱ्हाइताला घर पाहावयास पाठविते. त्याने लिहिलेला आकडा सौद्याच्या रकमेहून कमी आला, तर फरकाची रक्कम खरेदीदाराला पदरची भरावी लागते, किंमत पुन्हा ठरवावी लागते किंवा सौदाच मोडतो. एखाद्या कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार अशा रीतीने एका माणसाच्या निर्णयावर अवलंबून असतो. हा माणूस कोण, आणि त्याला हा अधिकार कशाच्या बळावर मिळाला, हे प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाहीत.

आपल्याकडे हे काम करणारा बहुधा स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारद असतो. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनीही जमीन व इमारत या वर्गासाठी तांत्रिक पदवी, कामाचा अनुभव, ५० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा असाच मार्ग आखून दिला आहे. अमेरिकेतील व्यवस्थेचा पाया मात्र पदवीचा नसून उमेदवारीचा आहे. या व्यवसायाचे बळ आणि त्याचा दोष हे दोन्ही त्या उमेदवारीतच सापडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महामंदी आणि व्यवसायाचा जन्म

विसाव्या शतकाच्या आरंभी घराची किंमत सांगणे हा दलालाच्याच कामाचा एक भाग होता. त्याचे शास्त्र करण्याचा उद्योग १९२० च्या दशकात सुरू झाला. फ्रेडरिक बॅबकॉक यांचे पहिले पुस्तक १९२४ चे, तर दुसरे आणि अधिक प्रभावी ठरलेले १९३२ चे. त्याच १९३२ साली, घरांच्या किमती कोसळत असताना, 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ रिअल इस्टेट अप्रेझर्स' ही संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या सदस्यांना 'एम. ए. आय.' ही उपाधी देण्यास आरंभ केला. १९३५ मध्ये बचत-कर्ज संस्थांच्या पुढाकाराने निवासी मूल्यनिर्धारकांची निराळी 'सोसायटी' निघाली. या उपाधीमागे कायद्याचे बळ नव्हते. ती नसली तरी कोणीही हे काम करू शकत असे.

व्यवसायाला खरे रूप दिले ते शासनाने. १९३३ साली स्थापन झालेल्या 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन'ने अवघ्या तीन वर्षांत सुमारे १० लाख घरांची बुडू लागलेली कर्जे आपल्याकडे घेतली. कोसळलेल्या बाजारात विक्रीच जवळजवळ थांबलेली. मग घराची किंमत धरावयाची कोणती? महामंडळाने तीन आकड्यांची सरासरी काढण्याची रीत स्वीकारली : त्या वेळची बाजारातील किंमत, जमिनीचे मोल धरून तसेच घर नव्याने बांधण्याचा खर्च वजा घसारा, आणि मागील दहा वर्षांच्या भाड्यावरून काढलेले भांडवली मूल्य. तुलना, खर्च आणि उत्पन्न या ज्या तीन पद्धती आजचा उमेदवार वर्गात शिकतो, त्या येथे प्रथमच लाखो घरांवर एकाच साच्यात वापरल्या गेल्या. हजारो माणसांना एकसारखे शिकवून एकसारखा अर्ज भरावयास लावणे, ही त्या काळातील मोठी प्रशासकीय कामगिरी होती.

काय शिकविले गेले

पण त्या अर्जांत घराच्या भिंतींपुरतेच रकाने नव्हते. १९३५ ते १९४० या काळात महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले आणि त्यांतील वस्त्यांना हिरवा, निळा, पिवळा व तांबडा असे रंग दिले. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ हमखास तांबड्यात गेली. या नकाशांबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत. केनेथ जॅक्सन यांनी १९८५ मध्ये त्यांना पुढील भेदभावाचे मूळ ठरविले. उलट ॲमी हिलियर यांनी २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या अभ्यासातून दाखविले की कर्जपुरवठ्यावरील या नकाशांचा स्वतंत्र परिणाम मानला जातो तितका स्पष्ट नाही. महामंडळाने स्वतः तर हलक्या श्रेणीच्या वस्त्यांतही भरपूर कर्जे दिली होती. प्रस्तुत लेखकाला हिलियर यांचा आक्षेप रास्त वाटतो. दोष नकाशाच्या कागदात शोधण्यापेक्षा तो रंगविणाऱ्या हातांच्या शिक्षणात शोधावा, हे बरे.

ते शिक्षण कोठून आले, हे स्पष्ट आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनची मूल्यनिर्धारणाची नियमपुस्तिका बॅबकॉक यांच्याच देखरेखीखाली तयार झाली आणि वस्तीतील 'विसंगत' वंशगटांचा शिरकाव हा तिने मूल्याला धोका मानला. होमर हॉइट यांनी शिकागोतील जमिनीच्या किमतींवरील १९३३ च्या आपल्या गाजलेल्या प्रबंधात विविध राष्ट्रीयतांच्या व वंशांच्या लोकांची, ते जमिनीचे मोल किती वाढवितात किंवा घटवितात या क्रमाने, यादीच दिली होती. तीत इंग्रज, जर्मन, स्कॉच आदी वर होते; मेक्सिकन आणि निग्रो तळाशी. पुढे हॉइटही त्याच शासकीय खात्यात रुजू झाले. पूर्वग्रह अशा रीतीने पाठ्यपुस्तकात शिरला आणि तेथून परीक्षेत आला. जो उमेदवार तो नीट पाठ करील, तो पात्र ठरला.

हे किती काळ चालले? १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्यानंतरही चालले. अखेर १९७६ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने मूल्यनिर्धारकांच्या दोन्ही प्रमुख संस्थांवर, आणि त्यांच्याबरोबर कर्ज देणाऱ्यांच्या दोन संघटनांवर, खटला भरला. त्यांची पुस्तके व वर्ग वंशभेद शिकवितात, हा त्यातील आरोप होता. १९७७ मध्ये 'इन्स्टिट्यूट'ने तडजोड केली आणि वस्तीतील लोक एकाच वंशाचे वा धर्माचे असणे हे कमाल मूल्यासाठी आवश्यक आहे, असे गृहीत धरणे अयोग्य होय, असे धोरण मान्य केले. अभ्यासक्रमातील एक वाक्य बदलण्यासाठी केंद्र शासनाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

१९८९ चा कायदा

त्यानंतरचे वळण नीतीमुळे नव्हे, दिवाळखोरीमुळे आले. १९८२ मध्ये बचत-कर्ज संस्थांवरील बंधने सैल झाली. त्यांनी सढळ हाताने कर्जे वाटली आणि तारण मालमत्तेच्या किमती फुगवून लिहिण्यात आल्या. प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९८६ च्या अहवालात सदोष व लबाडीच्या मूल्यनिर्धारणावर थेट बोट ठेवले. १९८६ ते १९९५ या काळात अशा १,०४३ संस्था बुडाल्या आणि त्यांचा सुमारे १२४ अब्ज डॉलरचा भार करदात्यांवर पडला.

ऑगस्ट १९८९ मध्ये झालेल्या 'फिरिया' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या अकराव्या प्रकरणाने केंद्रीय नियंत्रणाखालील कर्जव्यवहारांसाठी राज्याचा परवाना किंवा प्रमाणपत्र असलेलाच मूल्यनिर्धारक हवा, असे ठरविले. रचना मात्र विलक्षण आहे. परवाना देते राज्य. त्यावर लक्ष ठेवते केंद्राची उपसमिती. पण पात्रतेचे किमान निकष आणि कामाचे प्रमाणित नियम ठरविते 'अप्रेझल फाउंडेशन' ही १९८७ साली व्यवसायातील संस्थांनीच उभारलेली खाजगी संस्था. ज्या व्यवसायाला वेसण घालावयाची, त्याच्याच हाती वेसणीचे एक टोक राहिले.

तासांची वाढ आणि गुरूची सही

एक ते चार कुटुंबांच्या राहण्याची कोणतीही इमारत, तिचे मोल किंवा गुंतागुंत कितीही असो, 'प्रमाणित निवासी' मूल्यनिर्धारकाच्या कक्षेत येते. या स्तरासाठी १९९८ पासून १२० तासांचे शिक्षण आणि २,५०० तासांचा अनुभव लागे. २००८ मध्ये शिक्षण २०० तासांवर गेले आणि महाविद्यालयीन शिक्षणाची अट आली; २०१५ मध्ये पूर्ण पदवी अनिवार्य झाली. नवे लोक येईनासे झाले, तेव्हा मे २०१८ पासून पदवीला पर्याय देण्यात आले आणि अनुभवाची अट १,५०० तास व किमान १२ महिने इतकी खाली आली. दोनशे तासांत मूलतत्त्वे, कार्यपद्धती, व्यवसायाचे प्रमाणित नियम, बाजाराचे विश्लेषण, तिन्ही पद्धती, अहवाललेखन, संख्याशास्त्र असे विषय येतात. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा असते.

हा सारा भाग पैसे व चिकाटी असणाऱ्याला साधतो. अडते ते अनुभवाच्या तासांपाशी. उमेदवाराला स्वतः प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक शोधावा लागतो, त्याच्यासोबत घरे पाहावी लागतात, आणि प्रत्येक कामाची नोंदवहीत नोंद करून त्यावर त्याची सही घ्यावी लागते. पर्यवेक्षकाला एका वेळी सर्वसाधारणपणे तीनच शिकाऊ ठेवता येतात. पण तीन कशाला, एक तरी त्याने का ठेवावा? शिकाऊच्या चुकीची जबाबदारी त्याची; अनेक कर्जसंस्थांना शिकाऊने एकट्याने केलेली पाहणी चालत नाही; आणि शिकून तयार झालेला माणूस त्याच गावात उद्याचा प्रतिस्पर्धी. अशा स्थितीत माणूस स्वतःच्या मुलाला, पुतण्याला किंवा मित्राच्या मुलाला शिकवितो. व्यवसाय घराण्यांत फिरत राहतो. कुळाचा धंदा ही कल्पना आपल्याला परकी नाही. खुल्या बाजाराचा अभिमान बाळगणाऱ्या देशात, कायद्याने आखलेल्या मार्गावर ती भेटावी, याचे मात्र नवल वाटते.

पात्र असूनही

पात्रता वाढली की प्रामाणिकपणा वाढेल, हे १९८९ च्या कायद्याचे गृहीतक होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने ते तपासून पाहिले. अरिष्टाच्या चौकशी आयोगाच्या २०११ च्या अहवालात नमूद आहे की २००० ते २००७ या काळात ११,००० मूल्यनिर्धारकांच्या सह्यांचे एक निवेदन वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांना देण्यात आले होते. कर्ज देणारे फुगीर आकडा मागतात आणि जो देत नाही त्याला काम देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्याच अहवालातील एका पाहणीनुसार असा दबाव अनुभवलेल्यांचे प्रमाण २००३ मध्ये ५५ टक्के होते, ते २००६ मध्ये ९० टक्क्यांवर गेले. ही माणसे अडाणी नव्हती. परवाना, परीक्षा, तास, सारे त्यांच्यापाशी होते. नव्हती ती फक्त 'नाही' म्हणण्याची मुभा. २००९ ची आचारसंहिता आणि २०१० चा डॉड-फ्रँक कायदा यांनी काम वाटणाऱ्यावर बंधने घातली. वीस वर्षे सारा भर काम करणाऱ्याच्या पात्रतेवर राहिला होता.

पुन्हा दाराशी

वंशाचा प्रश्नही मिटला नव्हता. 'फ्रेडी मॅक'च्या सप्टेंबर २०२१ च्या अभ्यासात खरेदीच्या करारातील रकमेहून कमी मूल्य येण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या वस्त्यांत ७.४ टक्के, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत १२.५ टक्के, तर लॅटिनोंच्या वस्त्यांत १५.४ टक्के आढळले. हा फरक कशामुळे, याविषयी वाद आहे. केवळ या टक्केवारीवरून एखाद्या व्यक्तीवर ठपका ठेवता येणार नाही. पण घर पाहावयास जाणाऱ्यांत गोऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक असावे, हे त्या सहीच्या व्यवस्थेकडे पाहिल्यावर अनाकलनीय राहत नाही.

२०२१ पासून 'परेआ' नावाचा पर्याय निकषांत आला. संगणकावरील प्रात्यक्षिकांतून व मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली अनुभवाची अट पूर्ण करण्याची सोय त्यात आहे. तो स्वीकारावा की नाही हे राज्यावर सोपविलेले आहे. २०२४ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 'अप्रेझल फाउंडेशन'शी करार केला. पर्यवेक्षकाच्या अटीमुळे वर्णभेद होतो काय, ही चौकशी त्यामागे होती. करारानुसार नव्या उमेदवारांच्या शिक्षणासाठी १२ लाख डॉलरहून अधिक रकमेच्या शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. पात्रता मंडळाने, १ जानेवारी २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठेवून, मूल्यनिर्धारणातील पक्षपात आणि न्याय्य गृहनिर्माणाचे कायदे या विषयावर आठ तासांचा स्वतंत्र पाठ निकषांत घातला. न्यायखात्याचा खटला १९७६ चा. हा पाठ अभ्यासक्रमात यावयास मध्ये सुमारे पन्नास वर्षे गेली.