सहा इंचांचे पाते, तीन शतकांचा करार : नांदेड आणि गातऱ्यातले कृपाण

१/ नांदेड शहरालगतच्या विष्णुपुरीत गोदावरीवरचा मोठा बंधारा आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. ज्या गुरूंचे नाव या संस्थेने धारण केले, त्यांच्या अनुयायांपैकी अमृतधारी शीख खांद्यावरून तिरका कापडी पट्टा घालतात. त्याला ‘गातरा’ म्हणतात. गातऱ्याच्या टोकाशी, कमरेजवळ, म्यानात एक लहानसे कृपाण असते.

२/ सुरा बाळगणाऱ्या माणसाला पोलीस अडवतात. मग हे पाते महाविद्यालयात, रेल्वेत आणि विमानातही कसे चालते? त्याची लांबी कोणी ठरवली? आणि ते सुरक्षितपणे अंगावर कसे वागवायचे, याचे नियम कोठून आले? उत्तर शोधताना नांदेड, लाहोर, दिल्ली आणि थेट माँट्रिअलपर्यंत जावे लागते.

३/ आधी शब्द. ‘कृपा’ आणि ‘आन’ (म्हणजे मान) या दोन शब्दांपासून ‘किरपान’ झाला, असे सर्वत्र सांगितले जाते. हा अर्थ भावपूर्ण आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे. ‘कृपाण’ हा तलवारीसाठीचा जुना संस्कृत शब्द आहे आणि जुन्या मराठीलाही तो परका नाही. दयेचा अर्थ त्याला शीख परंपरेने दिला. शस्त्राच्या नावात दया वाचणे हाच त्या परंपरेचा विचार आहे.

४/ १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे गुरु गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण हे पाच ककार आज सर्वांना ठाऊक आहेत. ही यादी आजच्या नेमक्या स्वरूपात केव्हा सुस्थिर झाली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. खालसा शस्त्रधारी असावा, याविषयी मात्र ते नाहीत. अठराव्या शतकातले हे शस्त्र म्हणजे लढाईची पूर्ण लांबीची तलवार होती. गळ्यात अडकवण्याजोगे पाते तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

५/ १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर गुरु दक्षिणेत आले आणि नांदेडला गोदाकाठी थांबले. येथेच माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला. येथेच एका पठाणाने लपवून आणलेल्या सुऱ्याने गुरूंवर वार केला. परंपरा सांगते की, गुरूंनी त्याला स्वतःच्या तलवारीने जागीच ठार केले. त्या जखमेतून गुरु पुन्हा उठले नाहीत. ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांनी नांदेडमध्येच देह ठेवला.

६/ या घटनेतला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. नांदेडच्या इतिहासातली सर्वांत मोठी जखम एका लपवलेल्या सुऱ्याने केली. त्याच नांदेडमध्ये पुढे तीनशे वर्षे एक पाते उघडपणे, व्रत म्हणून धारण केले गेले. सुरा आणि कृपाण यांच्यातला भेद पोलादात किंवा लांबीत सापडत नाही. एक फसवण्यासाठी दडवलेला असतो, तर दुसरे धारण करणाऱ्याची ओळख जाहीर करते.

७/ गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागी आज तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब उभे आहे. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी त्याची इमारत बांधवली. गाभाऱ्यातल्या अंगीठा साहिबात गुरूंच्या शस्त्रांचे जतन केलेले आहे. येथील नित्योपासनेत आणि दसरा-होळीच्या उत्सवांत शस्त्रांना जे स्थान आहे, ते पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंनाही वेगळे वाटते.

८/ रणजितसिंगांच्या काळातच पंजाबातून एक शीख फौज निजामाच्या राज्यात आली. तिच्या वंशजांना आज ‘दखनी शीख’ म्हणतात. घरात पंजाबी, बाजारात मराठी आणि दखनी अशी त्यांची भाषा घडली. त्या काळी निजामाच्या बिनकवायती फौजेत अरब होते, रोहिले होते आणि शीखही होते. अरबाच्या कमरेला वाकडा जंबिया असे, तर शिखाच्या कमरेला तलवार.

९/ मराठवाड्याच्या रस्त्यांवर आज जंबिया दिसत नाही, कृपाण दिसते. असे का झाले? जंबिया ही प्रतिष्ठेची खूण होती. फौज मोडली, काळ बदलला आणि ती पेटीत गेली. कृपाण हे दीक्षेचे वचन होते. नोकरी गेल्याने वचन संपत नाही. शस्त्र म्हणून दोन्हींचे दिवस भरले होते. टिकले ते फक्त व्रत.

१०/ आता कायदा. १८५७ च्या उठावानंतर प्रजेच्या हातातली शस्त्रे काढून घेणे हे ब्रिटिशांचे धोरण झाले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. तलवारही त्यातच आली. मग व्रत पाळायचे कसे? अनेकांनी मार्ग काढला. बोटभर लांबीचे प्रतीकात्मक कृपाण कंगव्यावर बसवले जाई किंवा दोऱ्यात ओवून गळ्यात घातले जाई. गळ्यातल्या चिमुकल्या पात्याचा प्रसार या अडचणीत झाला.

११/ हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेड निजामाच्या राज्यात असल्याने तेथे तो थेट लागू नव्हता. म्हणून दखनी शिखांचा शस्त्राशी असलेला संबंध वेगळ्या वाटेने टिकला. पंजाबात कृपाण लहान होत असताना हुजूर साहिबच्या परिसरात मोठी शस्त्रे विधीचा भाग म्हणून वावरत राहिली. हुजुरी परंपरेच्या वेगळेपणाची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी हे कारण क्वचितच सांगितले जाते.

१२/ पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारला शीख सैनिकांची नितांत गरज होती. १९१४ मध्ये पंजाबात आणि १९१७ मध्ये उर्वरित ब्रिटिश हिंदुस्थानात कृपाणाला शस्त्र कायद्यातून सूट मिळाली. १९२० नंतर अकाली चळवळीने जोर धरला, कृपाणे पुन्हा लांब होऊ लागली आणि सरकार धास्तावले. अटका झाल्या, खटले भरले गेले. वादाचा मुद्दा एकच होता : कृपाण कुठे संपते आणि तलवार कुठे सुरू होते?

१३/ धर्माने या प्रश्नाचे उत्तर इंचांत दिलेले नाही. १९४५ मध्ये मान्यता पावलेल्या शीख रहत मर्यादेत कृपाण आवश्यक आहे, पण त्याच्या लांबीवर बंधन घातलेले नाही. लांबीचे आकडे आले ते सरकार, न्यायालये आणि समाज यांच्या वाटाघाटींतून. आजच्या गातऱ्यातल्या कृपाणाचा आकार हा एक राजकीय करार आहे आणि तो प्रत्येक पिढीने थोडाथोडा नव्याने लिहिला आहे.

१४/ या करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम भारताच्या संविधानात आहे. अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्माचरणात समाविष्ट मानले जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या अनुसूचीत, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या शस्त्रांच्या यादीत, कृपाणाचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे कायदा त्याला शस्त्र म्हणून ओळखतो आणि संविधान व्रत म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१५/ सीमा कोठे आहे, हे नांदेडनेच अलीकडे अनुभवले. २९ मार्च २०२१ रोजी कोरोनाच्या निर्बंधांमुळे होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती. तरी जमाव बाहेर पडला, काहींनी तलवारी उगारल्या आणि त्यात पोलीस जखमी झाले. धारण करण्याचा हक्क म्हणजे उगारण्याचा हक्क नव्हे. ज्या परंपरेत पाते केवळ रक्षणासाठी आणि अखेरचा उपाय म्हणून उपसायचे असते, तिचाही हाच दंडक आहे.

१६/ विमानप्रवासाचे नियम याच करारातले पुढचे पान. नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाच्या नियमानुसार, देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण जवळ ठेवता येते. अट अशी की, पाते ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त नसावी. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ही सवलत नाही. तेव्हा कृपाण केबिनमध्ये न ठेवता सामानात द्यावे लागते. नांदेडच्या विमानतळाला गुरु गोविंदसिंगांचेच नाव आहे, म्हणून हा नियम येथे केवळ कागदावरचा राहत नाही.

१७/ परीक्षा केंद्राचाही प्रश्न होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नीट’ला बसणाऱ्या शीख परीक्षार्थींना कडे आणि कृपाणासह परीक्षा देण्याची मुभा दिली. अट एकच : तपासणीसाठी केंद्रावर एक तास आधी पोहोचावे. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी, जेथे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे शेजारी-शेजारी आहेत, अशा निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. हक्क शाबूत राहिला आणि तपासणीही.

१८/ सुरक्षित धारणाचा सर्वांत तपशीलवार नियम मात्र कॅनडात लिहिला गेला. २००१ मध्ये माँट्रिअल परिसरातल्या एका शाळेत एका मुलाचे कृपाण कपड्यांतून अंगणात पडले. शाळेने बंदी घातली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २००६ च्या मुल्तानी निकालाने सरसकट बंदी रद्द केली. खालच्या न्यायालयाने घातलेल्या अटी पुरेशा आहेत, असे मत या निकालात मांडले गेले.

१९/ त्या अटी वाचण्याजोग्या आहेत. कृपाण कपड्यांच्या आत असावे. म्यान धातूचे नसून लाकडी असावे. ते जाड कापडात गुंडाळून शिवावे आणि गातऱ्यालाही शिवून टाकावे. मुलाने ते स्वतःपासून कधीही दूर ठेवू नये आणि हरवल्यास तत्काळ कळवावे. पात्याच्या धारेपेक्षा म्यान, शिवण आणि पट्टा यांकडेच न्यायालयाने अधिक लक्ष दिले.

२०/ नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानांत कृपाणे मांडलेली असतात. निवड करणाऱ्याने आधी पात्याचा नक्षीकाम केलेला भाग न पाहता म्यानाचे तोंड पाहावे. म्यान उलटे धरले तरी पाते आपोआप सरकता कामा नये. पट्टा रुंद, सुती आणि पक्क्या शिवणीचा असावा. लांबी अंगाच्या मापाची आणि रोजच्या कामाला साजेशी असावी. विमानाने जाणाऱ्याने ती ६ आणि ९ इंचांच्या मर्यादेत मोजूनच घ्यावी.

२१/ गातरा तिरका का असतो, यामागेही शहाणपण आहे. गळ्याभोवतीची दोरी किंवा साखळी ओढली गेली तर थेट गळा आवळते. तिरक्या पट्ट्याचा भार खांदा पेलतो आणि म्यान कुशीला टेकून राहते. यंत्रशाळेत लेथ चालवताना पट्टा सदऱ्याच्या आत, अंगासरशी घट्ट असणेच योग्य, कारण लोंबणारे काहीही फिरत्या यंत्रात अडकू शकते. झोपताना आणि प्रवासातही म्यान बंद आहे ना, हे हाताने चाचपून घ्यावे.

२२/ आता खरा पेच. कपड्यांच्या आत ठेवलेले, कापडात शिवलेले, बाहेर काढताच न येणारे पाते हे कृपाणच राहते का? काहींच्या मते असे पाते म्हणजे निव्वळ दागिना, कारण उपसण्याची शक्यताच नसेल तर संयमाला अर्थ काय? इतरांच्या मते व्रत धारणात आहे, धारेत नाही. आणि उघड वचनाला कपड्यांखाली जावे लागले, ही नांदेडची आठवण बाळगणाऱ्यांना टोचणारी गोष्ट आहे.

२३/ इतिहास या वादाचा निकाल देत नाही, पण एक गोष्ट दाखवतो. तलवारीपासून बोटभर पात्यापर्यंत आणि तेथून पुन्हा सहा इंचांपर्यंत कृपाणाचा आकार सतत बदलत आला. कायम राहिल्या त्या दोन गोष्टी : ते अंगावर असणे आणि ते म्यानात असणे. पहिली नाकारणारे सरकार टिकले नाही. दुसरी विसरणाऱ्याला परंपराही पाठीशी घालत नाही.

२४/ म्हणून वर्गात, रेल्वेत किंवा परीक्षेच्या रांगेत शेजारी गातरा दिसला, तर त्यात केवळ सुरा पाहू नये. गोदाकाठच्या एका जखमेपासून संविधानाच्या एका वाक्यापर्यंत आलेला करार तेथे आहे. त्याची एक बाजू समाजाने सांभाळायची आहे, दुसरी धारण करणाऱ्याने.