गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांचे प्ररूप नमुने व त्यांच्या नामकरणाचा इतिहास

प्रस्तावना

प्राणिशास्त्रात शास्त्रीय नाव अंतिमतः एखाद्या नमुन्याशी जोडलेले असते. जाती अथवा उपजातीचे प्रथम वर्णन ज्या नमुन्याच्या आधारे केले जाते व ज्याच्याशी तिचे नाव कायमचे निगडित होते, त्यास प्ररूप नमुना असे म्हणतात. पुढे वर्गीकरण बदलले तरी ते नाव कोणत्या पक्ष्यास लागू पडते, हे या नमुन्यावरूनच ठरते. बेटांवरील उपजाती स्थानानुसार भिन्न होत असल्याने नमुन्याच्या चिठ्ठीवरील बेटाचे नाव नमुन्याइतकेच मोलाचे असते. प्रस्तुत लेखात गॅलापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांच्या संदर्भात या बाबीचा आढावा घेतला आहे.

संग्रह आणि प्रथम नामकरण

चार्ल्स डार्विन सप्टेंबर-ऑक्टोबर १८३५ मध्ये ‘बीगल’ जहाजातून या बेटांवर होता. अनुहारी पक्ष्यांच्या नमुन्यांवर त्याने बेटाची नोंद केली. परंतु फिंच पक्ष्यांबाबत मात्र तसे केले नाही. त्यांपैकी काही पक्षी त्यास फिंच वाटलेच नव्हते. जानेवारी १८३७ मध्ये हे नमुने लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीकडे आल्यावर जॉन गूल्ड याने ते परस्परांशी निकट नाते असलेल्या एका नव्या समूहाचे असल्याचे दाखविले व त्यांना नावे दिली. तेव्हा बेटांची माहिती मिळविण्यासाठी डार्विनला कप्तान फिट्झरॉय, तसेच सहप्रवासी कोव्हिंग्टन व फुलर यांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. सोसायटीचे संग्रहालय १८५५ च्या सुमारास बंद झाल्यावर प्ररूप नमुने ब्रिटिश म्युझियमकडे गेले. या स्थित्यंतरात मूळ चिठ्ठ्याही टिकल्या नाहीत.

हरवलेल्या नोंदीचे परिणाम

गूल्डने ‘जिओस्पायझा मॅग्निरोस्ट्रिस’ हे नाव अतिशय मोठ्या चोचीच्या नमुन्यांना दिले. तेवढ्या मोठ्या चोचीचे पक्षी पुढील संग्राहकांना कोणत्याही बेटावर मिळाले नाहीत. त्यामुळे हे नमुने नेमके कोठील, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला. फ्रँक सुलोवे यांनी १९८२ मध्ये मूळ टिपणे व नमुने यांची पुन्हा छाननी करून त्यांचे स्थळ शोधण्याचा प्रयत्न केला. त्याच दशकात डेव्हिड स्टेडमन यांना फ्लोरेआना बेटावरील गुहांत मोठ्या चोचीच्या फिंचची हाडे आढळली. मनुष्यवस्तीनंतर नष्ट झालेल्या एका पक्षिसमूहाचा साक्षीदार या रीतीने संग्रहालयाच्या पेटीतच होता. केवळ त्याच्या बेटाची चिठ्ठी हरवली होती.

नावांचे पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिजवे याने १८९४ मध्ये हेनोव्हेसा बेटावरील फिंचला ‘ॲक्युटिरोस्ट्रिस’, तर रॉथशिल्ड व हार्टर्ट यांनी १८९९ मध्ये उत्तरेकडील वुल्फ व डार्विन बेटांवरील फिंचला ‘सेप्टेन्ट्रिओनॅलिस’ हे नाव दिले. रॉथशिल्डचा पक्षिसंग्रह १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने विकत घेतला. पुढे डेव्हिड लॅक यांच्या १९४७ च्या ग्रंथात या दोन्ही फिंचचा समावेश ‘जिओस्पायझा डिफिसिलिस’ या जातीत झाला. २०१५ मध्ये मात्र १२० पक्ष्यांच्या जनुकसंचांच्या अभ्यासावरून संशोधकांनी ही जाती तिहेरी विभागण्याचे सुचविले. तेव्हा नवी नावे शोधावी लागली नाहीत. प्ररूप नमुन्यांशी जोडलेली जुनी दोन नावेच जातिनामे म्हणून पुन्हा उपयोगात आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, वर्गीकरणाची मते पिढीगणिक बदलतात. परंतु नीट नोंद केलेला नमुना प्रत्येक पिढीस नव्याने उपयोगी पडतो. डार्विनच्या फिंच नमुन्यांतून स्थळाच्या नोंदीचे मोल तिच्या अभावाने कळले, तर उत्तरेकडील बेटांच्या नमुन्यांतून तिच्या अस्तित्वाने. म्हणूनच संग्रहालयातील जुनी चिठ्ठी जपणे हे नैसर्गिक इतिहासाचा दस्तऐवज जपण्यासारखेच होय.