जुन्या विज्ञानमालिका आणि मुक्त सॉफ्टवेअर : घरच्या घरी पाहणाऱ्यांसाठी माहिती



आम्ही मंडळातले पाच-सहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुन्या ब्रिटिश विज्ञानमालिका पाहतो. कृष्णधवल चित्र, पुठ्ठ्याची याने, आणि मध्यंतरात बटाटेवडे! काय पाहावे, कशावर पाहावे, आजी-आजोबांना कळेल असे काही करता येईल का, हे प्रश्न वारंवार येतात. म्हणून ही माहिती एकदाच नीट लिहून ठेवत आहोत.

सुरुवात अशा मालिकेपासून करू, जिच्याशी आपले दूरचे का होईना, नाते आहे. 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका बीबीसीने १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दाखवली. ती जॉन एलियट यांच्यासोबत लिहिली होती फ्रेड हॉईल यांनी, म्हणजे आपल्या डॉ. जयंत नारळीकरांच्या गुरूंनी. त्या वेळी नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांच्याच हाताखाली संशोधन करत होते. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा आम्ही याच मालिकेचा उरलेला भाग लावला होता.

'उरलेला भाग' असे म्हणतो, कारण सातांपैकी एकच भाग, सहावा, पूर्ण शिल्लक आहे, आणि तोही २००५ साली सापडला. बाकीच्यांचे काही तुकडे आहेत. कथा मात्र आजही ताजी वाटते. रेडिओ दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेने एक संदेश येतो. उलगडल्यावर कळते की तो एका अवाढव्य संगणकाचा आराखडा आहे, आणि सोबत त्यावर चालवायची आज्ञावलीही आहे. माणसे तो संगणक बांधतात आणि आज्ञावली चालू करतात. आत काय लिहिले आहे, ते कुणालाच पुरते समजलेले नसते! शंका घेणारा एकटा फ्लेमिंग, त्याचे कोण ऐकतो? ज्युली ख्रिस्ती हिची ही पहिली मोठी भूमिका. १९६२ मध्ये आलेला पुढचा सहा भागांचा खंड, 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू', संपूर्ण उपलब्ध आहे. २००६ साली निघालेल्या डीव्हीडी संचात दोन्ही आहेत आणि हरवलेले भाग छायाचित्रांच्या आधारे जुळवून दाखवले आहेत.

भाग हरवतात कसे? त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घेत. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतीही जागा अडते म्हणून टाकून दिल्या गेल्या. लोक हे पुन्हा घरी बसून पाहतील असे कुणाला वाटलेच नाही. 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' (१९५३) थेट प्रक्षेपित होत असे. त्याच्या सहा भागांपैकी पहिले दोनच उरले. 'डॉक्टर हू'चेही तेच. (२३ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनौचे, हे जाता जाता.) २०१३ मध्ये नायजेरियात नऊ हरवलेले भाग सापडल्याचे जाहीर झाले, त्यानंतरही ९७ गहाळ होते. पण गंमत अशी की हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो मुद्रित केला होता!

बीबीसीला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमच्याच मंडळाच्या एका गणेशोत्सवातील नाटकाच्या एकमेव व्हीएचएस टेपवर आमच्यापैकीच एकाने क्रिकेटचा सामना टेप केला. त्या नाटकात काम केलेल्या दोन काकू आज हयात नाहीत. असो.

आता सॉफ्टवेअरकडे. आम्ही वापरतो ते सारे मुक्त स्रोत आहे. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. आज्ञावली कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येते. फ्लेमिंगला हेच हवे होते!

पाहण्यासाठी व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतो. भारतातून आणलेली डीव्हीडी (विभाग ५) इथल्या साध्या प्लेअरवर (विभाग २) बहुधा लागत नाही, व्हीएलसीवर पुष्कळदा लागते. जुन्या मालिकांत माणूस हलला की कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. डिस्क खराब नाही! तेव्हाचा टीव्ही प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक रेषा आणि मग उरलेल्या, असे दाखवी. व्हीएलसी चालू असताना कीबोर्डवरचे 'डी' दाबा, दात जातील.

घरच्या व्हीएचएस टेपा वाचवायच्या असतील तर यूएसबी कॅप्चर उपकरण आणि ओबीएस स्टुडिओ पुरे. नातेवाइकांना पाठवायची छोटी प्रत हँडब्रेकमध्ये करा. मूळ प्रत मात्र मोठीच ठेवा, शक्यतो एफएफव्ही१ या मुक्त स्वरूपात. काही चित्रपट-संग्रहालयेही तेच वापरतात. एफएफएमपेग हे साधन ते रूपांतर करते, फक्त आज्ञा टाइप कराव्या लागतात. आमच्यात एकालाच जमते, तो चहा घेऊन काम करून देतो. टेप लावण्यापूर्वी बुरशी आहे का ते पाहा, पांढरी पूड दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका.

विकतच्या डीव्हीडीचे काय? ब्रिटनमध्ये स्वतःपुरती प्रत काढण्याची मुभा ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. म्हणून आम्ही डिस्क लावूनच पाहतो आणि तुम्हालाही तेच सांगतो.

शेवटी आमचा आवडता उद्योग, मराठी उपशीर्षके. सबटायटल एडिटमध्ये संवाद ऐकत ऐकत मराठी ओळी लिहायच्या आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवायची. हे विसरलात तर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग! जोडाक्षरे फुटून दिसली तर व्हीएलसीची नवी आवृत्ती घ्या आणि पसंतीत 'नोटो सान्स देवनागरी' हा टंक निवडा. ओळी मागेपुढे होत असतील तर 'जी' आणि 'एच' या कळांनी जुळवता येतात. एका ओळीत सात-आठ शब्दांहून जास्त नकोत, आजींना वाचायला वेळ लागतो. शिवाय ही आमची भाषांतरे घरापुरतीच असतात, मूळ संवादांचा हक्क दुसऱ्यांचा आहे.

पुढच्या बैठकीला 'क्वाटरमास अँड द पिट' (१९५८-५९) लावतो आहोत. सहाही भाग शाबूत आहेत, त्यांतले पहिले दोन पाहू. पहिल्या भागाची मराठी उपशीर्षके तयार आहेत, दुसऱ्याची अर्धी झाली आहेत. हात लावायला कुणी येणार असेल तर लॅपटॉप घेऊन तासभर आधी या.