बंद पडलेलं स्टेशन

मुंबईला जाताना लोणावळा, खंडाळा मागे पडलं की घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची जागा माझी नजर शोधते. गाडीचं इंजिन तिथे एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन बंद पडलं. अशा वेळी मला दुसरं एक बंद स्टेशन आठवतं, खैबर खिंडीतलं लंडी खाना. त्यापायी आपल्या तीन वैमानिकांची सुटका हुकली.

त्यांचे म्होरके होते दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात जखमी होऊनही त्यांनी विमान परत आणलं होतं. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं सुखोई-७ हे बॉम्बफेकी लढाऊ विमान पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते कैद झाले.

रावळपिंडीच्या छावणीत आपले बारा वैमानिक होते. छावणीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी नाताळला केक आणला आणि वेगवेगळ्या कोठड्यांतल्या या कैद्यांना प्रथमच एकत्र बसवलं.

परुळकरांच्या मनात मात्र सुटकेचाच ध्यास. भिंतीला भोक पाडून १३ ऑगस्ट १९७२ रोजी ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी निसटले. बसने पेशावर गाठून ते लंडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द आता जेमतेम सहा-सात किलोमीटर! नकाशात पुढचं स्टेशन होतं लंडी खाना. तिथे जायला गाडी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. पण ते स्टेशन १९३२ मध्येच बंद झालेलं. लोकांना संशय आला. पाकिस्तानात अडकलेले बंगाली तेव्हा याच वाटेने पळत होते. हे त्यांतलेच, असं समजून तिघांना पकडलं.

त्या टोळीवाल्यांच्या मुलखात जिवाची शाश्वती नव्हती. परुळकरांनी उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. ते आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते. हमीद यांनी ओळख दिली आणि तिघे वाचले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते सगळ्यांबरोबर वाघ्याहून मायदेशी परतले. परुळकर १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निवर्तले.

ही कथा धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट मोठी वाटते. प्राणावर बेतलं तेव्हा कैद्याला भरवशाचं नाव आठवलं, ते आपल्याच जेलरचं. कैद्याला माणसासारखं वागवलं, तर युद्धातही एवढा विश्वास शिल्लक राहतो.