सांगितलेले आणि जाळलेले

तोरू दत्त आणि सरोजिनी नायडू यांच्या काव्यसंग्रहांना प्रस्तावना लिहिणारा टीकाकार म्हणून एडमंड गॉस (१८४९-१९२८) आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्याची खरी कीर्ती मात्र 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मकथनावर उभी आहे. कर्मठ धर्मश्रद्धेच्या घरातून एक मुलगा कसा बाहेर पडला, याची ती हकीकत आहे. त्याच मुलाच्या आयुष्यात आणखी एक हकीकत होती. ती या पुस्तकात नाही.

वडील फिलिप हेन्री गॉस हे नामांकित निसर्गशास्त्रज्ञ आणि 'प्लिमथ ब्रदरन' या पंथाचे निष्ठावंत अनुयायी होते. बायबलचा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानणाऱ्या या घरात कल्पित कथांना थारा नव्हता. नाताळचा गोड पदार्थही मूर्तिपूजकांचा म्हणून वडिलांनी एकदा नष्ट केला. आई १८५७ मध्ये कर्करोगाने गेली. जाताना तिने मुलाला ईश्वराच्या सेवेला वाहिले होते. दहाव्या वर्षी, १८५९ मध्ये, त्याला प्रौढांच्या बरोबरीने बाप्तिस्मा देण्यात आला.

हे घर क्रूर नव्हते, हे ध्यानात घ्यायला हवे. वडिलांचे मुलावर उत्कट प्रेम होते आणि पेच त्यातूनच निर्माण झाला. मुलाच्या मनातला प्रत्येक विचार आपल्याला कळावा, असे या प्रेमाला वाटे. अशा वेळी सहाएक वर्षांच्या एडमंडला दोन शोध लागले. त्याने बागेतल्या कारंज्याची नळी बिघडवली आणि वडिलांनी दोष कारागिरांना दिला. म्हणजे वडील सर्वज्ञ नव्हते! आणि आपल्या आत आपलाच एक सोबती राहतो, त्याच्याशी गुपचूप बोलता येते, हेही त्याला उमगले. पुढे त्याने टेबलावर खुर्ची ठेवून तिची पूजा केली. मूर्तिपूजेबद्दल देव शिक्षा करतो का, ते त्याला पाहायचे होते. काहीच घडले नाही.

हा आतला सोबती पुढे दोन गुपिते सांभाळू लागला. पहिले अश्रद्धेचे. सतराव्या वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागल्यावरही वडिलांची पत्रे आत्म्याचा हिशेब मागत येत राहिली. दुसरे गुपित प्रेमाचे होते. १८७५ मध्ये त्याचा विवाह झाला. संसार सुखाचा होता. १८७९ मध्ये शिल्पकार हॅमो थॉर्निक्रॉफ्ट भेटला आणि गॉस त्याच्यात पुरता गुंतला. या स्नेहाला शारीरिक रूप आले होते, असे म्हणण्यास आधार नाही. त्याची उत्कटता मात्र मित्रमंडळीतही लपली नव्हती. १८८४ मध्ये थॉर्निक्रॉफ्टने लग्न केले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या कायद्याने पुरुषांमधील कोणतीही लैंगिक जवळीक दंडनीय ठरवली. याच कायद्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला.

वडील १८८८ मध्ये वारले. १८९० मध्ये गॉसने आपले दुसरे गुपित एकाच माणसाला पत्रातून कळवले. तो होता टीकाकार जॉन ॲडिंग्टन सायमंड्स, समलिंगी प्रेमाचा अभ्यास करणारा आणि स्वतः ते अनुभवणारा. हा एकांत आणि ही निराशा आपल्यालाही ठाऊक आहे, असे गॉसने लिहिले. अशा तरुणाची अवस्था त्याने जिवंत पुरलेल्या, शुद्धीवर असलेल्या पण वाचा गेलेल्या माणसासारखी सांगितली.

सतरा वर्षांनी 'फादर अँड सन' निनावी प्रसिद्ध झाले. पित्याचा देव नाकारल्याची कबुली इंग्रज वाचकाने कौतुकाने वाचली. श्रद्धा गमावल्याची गोष्ट तोवर सभ्य साहित्यात सांगता येऊ लागली होती. दुसरी गोष्ट येत नव्हती.

सायमंड्स १८९३ मध्ये निवर्तला. त्याचे कागद सांभाळणारा मित्र होरेशिओ ब्राउन १९२६ मध्ये वारल्यावर ते लंडन लायब्ररीकडे आणि पर्यायाने गॉसच्या हाती आले. आता तो सर एडमंड होता. आत्मचरित्राचे हस्तलिखित तेवढे पन्नास वर्षांच्या बंदीसह ठेवण्यात आले. बाकीचे कागद गॉस आणि ग्रंथपाल यांनी बागेत जाळले. सायमंड्सची नात जॅनेट व्हॉन हिला त्याने हे मोठ्या समाधानाने सांगितले: तिच्या आजोबांचे नाव जपले गेले होते. तिला संताप आला, पण ती गप्प राहिली.

गॉसला ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. देवावरची श्रद्धा गेली, तरी कोणीतरी सतत पाहत आहे ही बालपणीची जाणीव जात नाही. वडिलांच्या जागी समाज येऊन बसतो. सायमंड्सचे कागद जाळणाऱ्या वृद्धाला त्या पाहणाऱ्याचा धाक होता, आणि जिवंत पुरले जाण्याचा अर्थ इतरांपेक्षा त्यालाच अधिक कळत होता. सायमंड्सचे आत्मचरित्र अखेर १९८४ मध्ये छापले गेले. गॉसचे ते पत्रही टिकले. म्हणूनच 'फादर अँड सन' वाचताना त्यात नसलेल्या प्रकरणाची जागा आज आपल्याला दिसते.